टाक्यापासून डिंकापर्यंत : रक्तवाहिनी जोडणारा सर्जन

२४ जून १८९४ ची रात्र. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो एका प्रदर्शनानिमित्त लिऑन शहरात आले होते. मेजवानी आटोपून ते बग्गीतून नाट्यगृहाकडे निघाले असताना गर्दीतून एक इटालियन तरुण पुढे झाला आणि त्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. सुऱ्याने यकृत तर फाडलेच, शिवाय यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीरही कापली. शहरातले नामवंत सर्जन धावून आले. त्यांनी शर्थ केली, पण रक्त थांबेना. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात कार्नो यांचा मृत्यू झाला.

त्या काळच्या शल्यचिकित्सेची मर्यादाच या घटनेने उघडी पडली. हाड बसवता येत होते, आतडे शिवता येत होते, भूल देता येत होती, निर्जंतुकीकरणही आले होते. पण कापलेली मोठी रक्तवाहिनी शिवून पुन्हा तिच्यातून रक्त वाहते करण्याची खात्रीची पद्धत कुणापाशी नव्हती. हातापायाची धमनी तुटली तर ती बांधून टाकायची आणि तो अवयव जगतो का, याची वाट पाहायची, एवढेच हातात होते.

त्या वेळी लिऑनमध्येच वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मनात हा प्रसंग घर करून राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचे नाव अलेक्सी कॅरेल. एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. राष्ट्राध्यक्षांची शीर शिवता आली असती तर ते वाचले असते, असे त्याचे मत होते आणि ते तो ज्येष्ठांसमोरही मांडत असे. पुढे अठरा वर्षांनी याच कामासाठी कॅरेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज बारीक रक्तवाहिन्या टाक्यांऐवजी शरीरात विरघळून जाणाऱ्या डिंकाने जोडता येतील का, यावर जगभर संशोधन चालू आहे. तो डिंक कसा असायला हवा, हे समजून घ्यायचे तर कॅरेल यांनी घातलेल्या टाक्यापासूनच सुरुवात करावी लागते.

रेशमाच्या गावातला मुलगा

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी लिऑनजवळच्या सेंत-फोआ या गावी झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. ते लवकर गेले आणि मुलाने पुढे वडिलांचेच अलेक्सी हे नाव लावले. लिऑन हे फ्रान्समधले रेशमाचे मोठे केंद्र. तिथल्या विणकरांची आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची कीर्ती देशभर होती. रक्तवाहिनी शिवण्याचा ध्यास घेतलेल्या या तरुण डॉक्टरला त्याचा फायदा झाला. त्यांनी मादाम लरूदिए या निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडे रीतसर शिकवणी घेतली. सर्जनच्या पेटीतल्या जाड सुया आणि दोरे बाजूला ठेवून त्यांनी अगदी बारीक सुया आणि रेशमाचा तलम धागा निवडला, आणि हात बसेपर्यंत सराव केला.

रक्तवाहिनी जोडायचा प्रयत्न करणारे ते पहिलेच नव्हते. शिकागोच्या जॉन मर्फी यांनी १८९६ मध्ये एका रुग्णाच्या मांडीची धमनी एक टोक दुसऱ्यात सरकवून जोडली होती. त्याच वर्षी लिऑनच्याच मातिए जाबुले यांनी दोन टोके समोरासमोर शिवण्याचा प्रयोग केला होता. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबी यांनी काचेची नळी आत घालून पाहिली होती. ऑस्ट्रियातले एर्विन पायर यांनी १९०० मध्ये मॅग्नेशियमच्या कड्या वापरल्या. हा धातू शरीरात हळूहळू विरघळतो, म्हणून त्यांनी तो निवडला. म्हणजे काम झाल्यावर आपोआप नाहीसे होणारे साधन वापरावे, ही कल्पना सव्वाशे वर्षे जुनी आहे.

या बहुतेक प्रयत्नांत एकच संकट पुन्हा पुन्हा उभे राही. जोड दिसायला पक्का, पण तासा-दोन तासांत किंवा दिवसाभरात आत गुठळी होऊन वाहिनी बंद. कारण रक्तवाहिनी ही नुसती नळी नसते. तिच्या आत पेशींचे एक अतिशय नाजूक, गुळगुळीत अस्तर असते. ते शाबूत आहे तोवर रक्त पातळ राहून वाहते. अस्तर खरचटले, किंवा जाड दोरा, काच, धातू अशी परकी वस्तू रक्ताला लागली, की रक्त तिथे गोठू लागते. जखम झाल्यावर आपला जीव वाचवणारा हाच गुणधर्म जोडाच्या ठिकाणी घातक ठरतो. वाहिनी जितकी बारीक, तितकी लहानशी गुठळीही ती बुजवायला पुरेशी.

तीन धाग्यांची युक्ती

कॅरेल यांनी आपली पद्धत १९०२ मध्ये लिऑनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती समजायला सोपी आहे. गोल तोंडाच्या दोन मऊ नळ्या समोरासमोर धरून शिवायच्या तर सुई समोरच्या भिंतीत अडकण्याची भीती असते. कॅरेल यांनी दोन्ही टोकांच्या कडांवर सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि त्या तीन धाग्यांना हलका ताण दिला. गोल तोंडाचा झाला त्रिकोण, आणि वळणदार कड झाली तीन सरळ बाजू. मग भरतकाम करणारी बाई ताणलेल्या कापडाची कड शिवते तशी एकेक बाजू बारीक धावत्या टाक्याने शिवायची.

खरी काळजी तपशिलात होती. सुया आणि धाग्याला व्हॅसलीन लावलेले असे, म्हणजे सुईने पडणारे छिद्र लहान राही आणि धागा रक्ताला थेट लागत नसे. कडा किंचित बाहेर वळवून अस्तराला अस्तर भिडवले जाई, म्हणजे आत उघडी जखम राहत नसे. वाहिनी चिमट्याने दाबायची नाही, ती कोरडी पडू द्यायची नाही. स्वच्छतेच्या बाबतीत तर कॅरेल इतके काटेकोर होते की नेहमीच्या शस्त्रक्रियेला चालणारे निर्जंतुकीकरण या कामाला पुरत नाही, असे ते मानत. आतल्या अस्तराला कमीत कमी इजा आणि रक्ताच्या वाटेत कमीत कमी परकी वस्तू, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते.

लिऑनहून शिकागो, शिकागोहून न्यूयॉर्क

एवढे यश मिळूनही लिऑनमध्ये त्यांना हवी ती रुग्णालयातली जागा मिळाली नाही. १९०२ मध्ये ते यात्रेकरूंच्या गाडीबरोबर डॉक्टर म्हणून लूर्द या तीर्थक्षेत्री गेले होते. क्षयाने मरणपंथाला लागलेली एक तरुणी तिथे झपाट्याने सुधारलेली आपण पाहिली, असे त्यांनी सांगितले. त्यावरून दोन्ही बाजूंनी टीका झाली. डॉक्टरांना ते भाबडे वाटले, तर धार्मिक मंडळींना संशयखोर. अखेर १९०४ मध्ये त्यांनी फ्रान्स सोडले आणि कॅनडा गाठला. वैद्यकी सोडून गुरांचा व्यवसाय करावा, असाही विचार त्यांच्या मनात होता. पण माँट्रियलमध्ये त्यांचे काम डॉक्टरांच्या नजरेत भरले आणि लवकरच शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली.

तिथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स गथ्री यांच्याबरोबर त्यांनी दोन वर्षे झपाटून काम केले. कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या रक्तवाहिन्या जोडणे, धमनीचा तुकडा काढून त्या जागी शिरेचा तुकडा बसवणे, मूत्रपिंड एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडणे, असे अनेक प्रयोग त्यांनी केले. धमनीच्या जागी बसवलेली शीर जास्त दाब सोसून टिकते, हे त्यांनी दाखवले. आज हृदयाची बायपास करताना पायातली शीर काढून वापरतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. या कामात गथ्री यांचा वाटा मोठा होता. नोबेल मात्र एकट्या कॅरेल यांना मिळाले, याबद्दलची खंत वैद्यकाच्या इतिहासकारांनी अनेकदा नोंदवली आहे.

१९०६ मध्ये कॅरेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मार्च १९०८ मध्ये त्यांच्या टाक्याची माणसावर कसोटी लागली. शहरातल्या एका सर्जनची नवजात मुलगी रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती. रक्तपेढ्या नव्हत्या, काढलेले रक्त गोठू न देता ठेवण्याची सोय नव्हती. वडिलांच्या मनगटातली धमनी बाळाच्या पायातल्या शिरेला थेट शिवणे हा एकच मार्ग उरला होता. बाळाची शीर काडीएवढी बारीक, भिंत ओल्या कागदासारखी. कॅरेल यांनी ती वडिलांच्या धमनीशी जोडली. रक्त वाहू लागले, बाळाच्या अंगावर लाली चढू लागली आणि ते वाचले. रक्तगट जुळवून पाहण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती, त्यामुळे यात नशिबाचाही वाटा होता. पण जोड टिकला तो कौशल्यामुळे.

टाक्याला न सुटलेले कोडे

मूत्रपिंडाच्या प्रयोगांतून कॅरेल यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. कुत्र्याचे मूत्रपिंड काढून त्याच कुत्र्याला पुन्हा जोडले तर ते चालत राही. दुसऱ्या कुत्र्याला जोडले तर टाके उत्तम असूनही थोड्याच दिवसांत ते निकामी होई. जोडण्याचा प्रश्न सुटला आहे आणि आता अडचण शरीर परके अवयव स्वीकारत नाही ही आहे, हे त्यांनी ओळखले. ते कोडे सुटायला अनेक दशके लागली. बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी १९५४ मध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, तेही एकसारख्या जुळ्या भावांमध्ये.

१९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कॅरेल यांना रक्तवाहिन्या शिवण्याच्या आणि रक्तवाहिन्या व अवयव यांच्या प्रत्यारोपणाच्या कामासाठी मिळाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होते. रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांच्यासोबत त्यांनी जखमा सौम्य क्लोरीनयुक्त द्रावणाने सतत धुण्याची पद्धत बसवली. त्यांच्या पत्नी परिचारिका म्हणून या कामात बरोबर होत्या. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात सडणाऱ्या जखमांमुळे हातपाय कापावे लागत. या पद्धतीने ते पुष्कळ वाचले. १९३० च्या दशकात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचा पंप बनवला. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यातून द्रव खेळवून काही काळ जिवंत ठेवता येई.

हाताची शिस्त, विचारांचा हट्ट

कॅरेल यांचे सगळेच काम काळाच्या कसोटीला उतरले नाही. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी त्यांनी १९१२ पासून वाढवायला घेतल्या आणि पेशी अमर असतात, असा निष्कर्ष काढला. त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे तो अनेक वर्षे खरा मानला गेला. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी माणसाच्या सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात असे दाखवले, तेव्हा तो कोसळला.

त्याहून गंभीर चूक त्यांच्या समाजविषयक विचारांत होती. १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेले पुस्तक अफाट खपले. माणसांची प्रतवारी करावी, श्रेष्ठ ठरवलेल्यांची संतती वाढवावी आणि काही गुन्हेगारांना व मनोरुग्णांना विषारी वायूने मारावे, असे त्यांनी त्यात सुचवले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे झुकलेल्या व्हिशी सरकारच्या पाठिंब्याने त्यांनी पॅरिसमध्ये मानवी प्रश्नांवरची संस्था चालवली. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्याची शहानिशा होण्याआधीच ५ नोव्हेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांवर पुढे पुन्हा वाद उसळला आणि लिऑनमधल्या वैद्यकीय विद्याशाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आले.

बाळाची शीर हाताळताना अस्तराला ओरखडाही उठू नये म्हणून जपणारा हा माणूस दुबळ्या माणसांबद्दल मात्र इतका निष्ठुर होता. त्यांचा टाका आपण ठेवला आणि त्यांचे ते विचार नाकारले, हेच योग्य झाले.

सूक्ष्मदर्शकाखालचा टाका

कॅरेल यांच्यानंतर पुढची मोठी उडी १९६० मध्ये पडली. अमेरिकेतले ज्युलियस जेकबसन यांनी शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक वापरून दीड मिलिमीटरच्या आसपासच्या वाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ मध्ये जपानमध्ये तुटलेला अंगठा पुन्हा जोडण्यात आला. आज एक मिलिमीटरची वाहिनी जोडताना केसापेक्षाही बारीक नायलॉनचा धागा वापरतात आणि सात-आठ टाके घालतात.

पण टाका कितीही बारीक असला तरी त्याच्या काही अडचणी राहतातच. प्रत्येक टाका अस्तराला भोक पाडतो. धागा परकी वस्तू म्हणून तिथेच राहतो. टाके घालायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुटलेले बोट किंवा हलवलेला स्नायू रक्तावाचून असतो. लहान मुलांत आणखी एक पेच येतो. मूल वाढते, त्याची वाहिनी रुंदावते, पण न विरघळणारा सलग धागा वाढत नाही आणि पुढे जोडाची जागा अरुंद राहू शकते. ज्याने भोक पडणार नाही, जो झटपट लागेल आणि काम झाल्यावर शरीरात विरघळून जाईल, असा डिंक हवाहवासा वाटतो तो यामुळे.

सध्या वापरात असलेला एक डिंक आपल्या रक्ताचीच नक्कल करतो. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्तातली दोन प्रथिने वेगवेगळ्या द्रावणांत ठेवतात. ती जागेवर एकत्र आली की काही सेकंदांत गुठळीसारखा थर तयार होतो आणि शरीर तो यथावकाश विरघळवते. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये जे. झेड. यंग आणि पीटर मेदावर यांनी याच तत्त्वावर प्राण्यांच्या मज्जातंतू जोडल्या होत्या. हा डिंक शरीराला मानवतो, पण धमनीतला दाब एकट्याने सोसेल इतका तो मजबूत नाही. म्हणून टाके घालून झाल्यावर उरलेली बारीक गळती बंद करायला तो वापरतात.

दुसरा सायनोॲक्रिलेट, म्हणजे घरात वापरतो त्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा वैद्यकीय भाऊबंद. तो ओलसर जागीही क्षणात घट्ट चिकटतो आणि त्वचेच्या जखमांना उपयोगी पडतो. पण तो कडक होतो, चिकटताना उष्णता सोडतो आणि विघटन होताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते. शिवाय पायाच्या फुगलेल्या शिरा मुद्दाम बंद करण्यासाठी डॉक्टर याच जातीचा डिंक शिरेत सोडतात. जो डिंक वाहिनी बुजवायला वापरतात, त्याचा एक थेंब जोडातून आत सरकला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. अल्ब्युमिन आणि ग्लुटारालडिहाइड यांचा डिंक महाधमनीसारख्या मोठ्या वाहिनीच्या शस्त्रक्रियेत मदतीला घेतात, पण बारीक वाहिन्यांसाठी तो ताठर आहे.

यावर संशोधकांनी काढलेल्या वाटा कल्पक आहेत. २०११ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने उंदरांच्या वाहिन्यांवर एक प्रयोग केला. शरीराच्या तापमानापेक्षा थोडे गरम केले की घट्ट होणारा आणि निवल्यावर पातळ होऊन रक्तात मिसळून जाणारा जेल त्यांनी वाहिनीत भरला. त्यामुळे वाहिनीचे तोंड उघडे राहिले, मग कडांना बाहेरून डिंक लावला. वाहिनी निवताच आतला जेल विरघळला आणि रक्त वाहू लागले. एक मिलिमीटरहून बारीक वाहिन्याही अशा जोडता आल्या आणि टाक्यांपेक्षा खूपच कमी वेळ लागला. २०१४ मध्ये बोस्टनमधल्या गटाने प्रकाश पडल्यावरच घट्ट होणारा, लवचिक आणि विघटनशील डिंक डुकरांच्या हृदयावर व धमनीवर वापरून दाखवला. डिंक कुठे आणि केव्हा चिकटेल हे सर्जनच्या हाती राहावे, हा त्यामागचा हेतू.

माणसांच्या बारीक रक्तवाहिन्या जोडताना मात्र आजही मुख्य भिस्त टाक्यांवरच आहे आणि डिंक पूरक म्हणून येतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी डिंक वापरण्याचा उल्लेख केला, तर टाक्यांऐवजी की टाक्यांवरून, हे जरूर विचारावे. पूर्वी अशा डिंकाची किंवा औषधांची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगावे.

नवा डिंक आला की त्याची ताकद किती, हे आधी सांगितले जाते. कॅरेल यांच्या कामातून मिळणारी कसोटी त्याहून कडक आहे. आतले अस्तर शाबूत राहिले का, रक्ताच्या वाटेत काही उरले का आणि काही महिन्यांनंतरही वाहिनी उघडी आहे का? डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या हातात धमनी आणि शीर शिवून फिश्चुला तयार करतात. त्यावर बोट ठेवले की वाहत्या रक्ताची थरथर जाणवते. ती थरथर आहे म्हणजे जोड चालू आहे. उद्या तोच जोड डिंकाने केला, तरी परीक्षा त्या थरथरीचीच राहील.